पदक सरकारचे, पराक्रम कोणाचा?

अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी २५ सप्टेंबर २०२५ रोजी एक निर्णय जाहीर केला. १८९० साली वुन्डेड नी येथे लाकोटा लोकांवर चालून गेलेल्या सैनिकांना दिलेली ‘मेडल ऑफ ऑनर’ ही पदके परत घेतली जाणार नाहीत. हा निर्णय अंतिम असून राष्ट्राच्या इतिहासातील त्या सैनिकांच्या स्थानाविषयी यापुढे वाद संभवत नाही, असे त्यांनी सांगितले. (त्याच महिन्याच्या आरंभी त्यांच्या खात्याला ‘युद्ध खाते’ हे जुने नाव जोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी काढला होता. नावातील एवढा प्रामाणिकपणा तरी स्वागतार्ह मानावयास हरकत नाही.) इतिहासातील वाद फर्मान काढून मिटवावेत ही राज्यकर्त्यांची फार जुनी हौस आहे. परंतु या फर्मानाच्या निमित्ताने एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ अमेरिकनांनी सोडवावा असा नाही. सैनिकाचा पराक्रम आणि सरकारने त्यावर उमटविलेली मोहोर या दोन गोष्टी एकच आहेत काय?

प्रथम घडले काय ते पाहिले पाहिजे. दक्षिण डाकोटातील पाइन रिज या राखीव प्रदेशात वुन्डेड नी नावाचा ओढा आहे. २८ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकी लष्कराच्या सातव्या घोडदळाने बिग फूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकोटा प्रमुखाच्या जथ्याला वाटेत गाठले आणि या ओढ्याकाठी आणून बसविले. जथ्यात सुमारे साडेतीनशे माणसे होती आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. स्वतः प्रमुख न्यूमोनियाने आडवा झाला होता. भोवताली सुमारे पाचशे सैनिकांचा वेढा आणि टेकाडावर खाली तोंड करून रोखलेल्या चार हॉचकिस तोफा. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारे काढून घेण्याचे काम चालू असता एका बंदुकीवरून झटापट झाली, गोळी सुटली, आणि मग कोणी कोणास आवरले नाही. तोफांनी तंबूंवर मारा केला. ओहळीच्या आडोशाने पळणाऱ्या बायकामुलांचा पाठलाग करून त्यांना मारण्यात आले. काही प्रेते दोन-तीन मैलांवर सापडली. मृतांचा आकडा कोणी दीडशे सांगतात, कोणी तीनशे. हिमवादळ ओसरल्यावर एक लांब खंदक खणून त्यात १४६ प्रेते एकत्र पुरण्यात आली. पंचवीस सैनिकही त्या दिवशी मेले. वेढा असा घातला होता की गोळ्या समोरच्या आपल्याच माणसांवर जाव्यात. त्यामुळे यांतील काही जण स्वकीयांच्याच गोळ्यांना बळी पडले असावेत, असे त्या वेळेपासून म्हटले जाते.

त्या विभागाचे प्रमुख सेनापती जनरल नेल्सन माइल्स हे काही शांततावादी गृहस्थ नव्हते. त्यांची सारी हयात मूळ रहिवाशांशी लढण्यात गेली होती. परंतु त्यांनीसुद्धा या प्रकाराला कत्तल म्हटले आणि सातव्या घोडदळाचे कर्नल फोर्साइथ यांना अधिकारपदावरून दूर केले. चौकशी झाली, फोर्साइथ निर्दोष ठरले, पुन्हा कामावर रुजू झाले आणि पुढे मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. सैनिकांपैकी सुमारे वीस जणांच्या छातीवर देशातील सर्वोच्च पदक आले.

या पदकांची मानपत्रे मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. ओहळीत लपलेल्या सू लोकांना तेथून हुसकावून लावण्यात दाखविलेले धैर्य, असे एकात म्हटले आहे. ओहळीत कोण लपले होते हे आपण पाहिलेच. आपला अधिकारी जखमी होऊन पडल्यावर ज्याने त्याच्या जागी तोफ चालविली आणि प्रत्येक बारानंतर ती पुढे सरकवून अधिक सोयीच्या जागी नेली, त्याचेही कौतुक आहे. आणि त्यांतच एक मानपत्र असेही आहे की, या सैनिकाने गोळीबारातून जाऊन जखमी सोबत्यांना दोनदा स्वेच्छेने सोडवून आणले. हे तिसरे मानपत्र मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते. कारण त्यात वर्णिलेली कृती खोटी मानण्याचे काही कारण नाही. जखमी सोबत्यासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस शूरच असतो. मात्र त्या दिवशी त्या ओढ्याकाठी जे चालले होते ते युद्ध नव्हते. सरकारने एका माणसाची खरी हिंमत उचलली आणि तिचे पांघरूण एका कत्तलीवर घातले. आता ते पांघरूण कोणी काढू लागले की शूर सैनिकाचा अपमान होतो म्हणून ओरड करावयाची, असा हा खेळ आहे.

हेगसेथ यांच्या आधीचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी जुलै २०२४ मध्ये या पदकांच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली होती. पदके कायम ठेवावीत अशीच शिफारस त्या समितीने केली, परंतु ऑस्टिन यांनी निर्णय मात्र घेतला नाही, असे हेगसेथ सांगतात. पदकांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा की, त्या काळी शौर्यासाठी हे एकच पदक होते, ते सढळ हाताने वाटले जाई, तेव्हा आजचे निकष मागे नेऊन लावू नयेत. युक्तिवाद वरवर समंजस दिसतो. परंतु अमेरिकेने स्वतःच एकदा हे निकष मागे नेऊन लावले आहेत, आणि तेही चांगले घाऊक प्रमाणावर.

ती हकिकत मोठी मासलेवाईक आहे. यादवी युद्धाच्या काळात, आरमारासाठी डिसेंबर १८६१ मध्ये आणि भूदलासाठी जुलै १८६२ मध्ये, हे पदक निर्माण झाले. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेची फौज पेनसिल्व्हेनियात घुसली, आणि नेमकी त्याच वेळी सत्ताविसाव्या मेन पलटणीची नऊ महिन्यांची नोकरीची मुदत संपत आली होती. राजधानीच्या रक्षणासाठी आणखी काही दिवस थांबा, अशी विनंती सरकारने केली. सुमारे तीनशे जण थांबले, बाकीचे घरी गेले. थांबलेल्यांनाही लढावे लागले नाही. गेटिसबर्गची लढाई झाली आणि तेही परतले. त्यांना पदक देण्याचे आश्वासन मिळाले होते. कोण थांबले आणि कोण गेले याची धड यादी नव्हती, म्हणून सरकारने सगळ्या पलटणीच्या नावाने ८६४ पदके पाठवून दिली! पलटणीचा कर्नल बिचारा सचोटीचा माणूस. जे थांबले होते त्यांनाच त्याने पदके वाटली आणि उरलेल्यांचा ढीग आपल्या कोठारात ठेवून दिला.

१९१६ साली जुन्या पदकांच्या तपासणीसाठी निवृत्त सेनापतींचे एक मंडळ बसले. त्याने २,६२५ पदके तपासली आणि १९१७ मध्ये त्यांतील ९११ रद्द झाली. मेन पलटणीची सगळी गेली. लिंकन यांच्या अंत्ययात्रेबरोबर पहाऱ्याला गेलेल्यांची गेली. डॉक्टर मेरी वॉकर यांचेही गेले. हे पदक मिळालेली ही एकमेव स्त्री. तिने ते परत केले नाहीच, उलट १९१९ मध्ये मरेपर्यंत छातीवर मिरविले. १९७७ मध्ये तिला ते अधिकृतपणे परत मिळाले. म्हणजे पदक काढून घेता येते आणि काढून घेतलेले परतही देता येते. इतिहास यामुळे कोसळत नाही. आता या मंडळाचे अध्यक्ष कोण होते? तेच नेल्सन माइल्स! १९१७ मध्येच या माइल्स यांनी वुन्डेड नीतून वाचलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून सरकारला लिहिले. परंतु त्यांच्या मंडळाने मेन पलटणीच्या निरुपद्रवी शेतकऱ्यांची पदके काढून घेतली आणि वुन्डेड नीच्या पदकांना हात लावला नाही. नियम असा की पदक लढाईतील कृत्यासाठी हवे, आणि कागदोपत्री वुन्डेड नी ही लढाई होती. कागद एकदा तयार झाला की त्याच्यापुढे सेनापतीचे स्वतःचे मतही लुळे पडते, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

येथे आपल्याच मंडळींशी थोडे बोलले पाहिजे. साम्राज्यशाहीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या चळवळींत सैनिकी शौर्याचा विषय निघाला की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. सैनिक म्हणजे सत्तेच्या हातातील हत्यार, त्याचे शौर्य म्हणजे फसवणूक, असे म्हणून विषय संपविला जातो. हा आळशीपणा आहे. अमेरिकेच्या लष्करातील साधा शिपाई बहुधा खाणकामगाराचा, शेतमजुराचा, कारखान्यातून काढून टाकलेल्या माणसाचा मुलगा असतो. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबल्यापासून तर शिक्षणाचा खर्च, दवाखाना आणि महिन्याचा पगार यांसाठी सैन्यात जाणारे तरुण तेथे हजारोंनी आहेत. त्यांच्या धैर्याला तुच्छ लेखून आपण शांततेची सेवा करीत नाही. ते धैर्य युद्धखोरांच्या खात्यावर जमा करून देतो, एवढेच. शौर्य खरे असते. त्याचे मोजमाप करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, भांडण आहे ते त्याबद्दल.

या भांडणाचे सर्वांत लख्ख उदाहरण व्हिएतनाममधील आहे. १६ मार्च १९६८ च्या सकाळी क्वांग न्गाई प्रांतातील माय लाय या वस्तीत अमेरिकी भूदलाची चार्ली कंपनी उतरली. शत्रूचे सैन्य तेथे नव्हते. होते ते म्हातारे, बायका आणि मुले. पुढील काही तासांत अमेरिकेच्या हिशेबाने ३४७ आणि व्हिएतनामच्या हिशेबाने ५०४ माणसे मारण्यात आली. वर घिरट्या घालणाऱ्या एका छोट्या हेलिकॉप्टरमध्ये ह्यू थॉम्प्सन हा चोवीस वर्षांचा वैमानिक आणि त्याचे दोन साथीदार, ग्लेन अँड्रिऑटा व लॉरेन्स कोलबर्न, होते. जखमी माणसे दिसली की तेथे हिरवा धूर सोडून खुणा करावयाच्या, म्हणजे खालचे सैनिक त्यांना मदत करतील, या समजुतीने थॉम्प्सनने खुणा केल्या. सैनिक खुणेपाशी गेले आणि त्यांनी जखमींना ठार केले. मग काय चालले आहे ते त्याच्या ध्यानात आले.

एका खंदकवजा आसऱ्यात दडलेल्या गावकऱ्यांकडे अमेरिकी सैनिक निघालेले पाहून त्याने आपले हेलिकॉप्टर दोघांच्या मधोमध उतरविले. कोलबर्न आणि अँड्रिऑटा यांना त्याने सांगितले की, आपल्या सैनिकांनी या लोकांवर किंवा माझ्यावर गोळ्या झाडल्या तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. आणि तो स्वतः खाली उतरून गावकऱ्यांकडे चालत गेला. दुसरी हेलिकॉप्टरे बोलावून त्याने त्या दहाएक माणसांना बाहेर काढले. परतताना प्रेतांनी भरलेल्या एका चरात काही हालचाल दिसली. अँड्रिऑटा त्या चरात उतरला आणि प्रेतांखालून त्याने एक जिवंत मूल काढून आणले. तळावर पोहोचताच थॉम्प्सनने वरिष्ठांकडे संतापाने तक्रार केली आणि त्यानंतर हत्या थांबविण्याचा हुकूम सुटला. अँड्रिऑटा त्यानंतर तीन आठवड्यांनी लढाईत मारला गेला.

आता सरकारने काय केले ते पाहा. थॉम्प्सनला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक देण्यात आले. मानपत्रात लिहिले होते की, त्याने तुंबळ गोळीबाराच्या माऱ्यात सापडलेल्या एका व्हिएतनामी मुलाला वाचविले. गोळीबार दोन्ही बाजूंनी चालू असल्याचा हा देखावा पूर्णपणे बनावट होता. गोळीबार एकाच बाजूने चालला होता. कृत्य खरे, कर्ता खरा आणि मानपत्र खोटे! वुन्डेड नीत खऱ्या धैर्याचे पांघरूण कत्तलीवर घातले गेले, येथे धैर्याच्या वर्णनातूनच कत्तल पुसून टाकली गेली. थॉम्प्सनने ते पदक फेकून दिले.

प्रकरण दीड वर्ष दडपून ठेवण्यात आले. रॉन रायडनहॉवर या सैनिकाने मार्च १९६९ मध्ये लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, सेमूर हर्श या पत्रकाराने नोव्हेंबरमध्ये ते चव्हाट्यावर आणले, तेव्हा कोठे खटले उभे राहिले. थॉम्प्सन साक्षीला गेला. प्रतिनिधिगृहाच्या सैन्यविषयक समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांचे म्हणणे असे पडले की, या प्रकरणात कोणाला शिक्षा व्हायची असेल तर ती आपल्याच सैनिकांवर बंदुका रोखणाऱ्या थॉम्प्सनला व्हावी. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सगळ्या प्रकरणात दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली. मार्च १९७१ मध्ये त्याला बावीस जणांच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. अध्यक्ष निक्सन यांनी लगोलग त्याला तुरुंगातून काढून त्याच्या निवासस्थानीच स्थानबद्ध ठेवण्यास सांगितले, आणि सुमारे साडेतीन वर्षांत तो मोकळा झाला.

थॉम्प्सन आणि त्याच्या दोन साथीदारांचा अमेरिकेने अखेर सन्मान केला तो ६ मार्च १९९८ रोजी, वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारकापाशी. दिले गेले ते ‘सोल्जर्स मेडल’. हे पदक कोणत्या शौर्यासाठी असते? शत्रूशी प्रत्यक्ष संघर्ष नसताना दाखविलेल्या शौर्यासाठी. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते म्हणावयाचे. थॉम्प्सनने ज्यांच्यासमोर छाती पुढे केली ते त्याचे शत्रू नव्हतेच. तीस वर्षे लागली, आणि तीही काही नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून. थॉम्प्सन २००६ मध्ये वारला. आज अमेरिकेच्या लष्करी शिक्षणात त्याचे उदाहरण दिले जाते ही गोष्ट समाधानाची आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र हुकूम मोडण्याचे धैर्य हेही शौर्य आहे, हे ज्या दिवशी मान्य करावयाचे होते त्या दिवशी ते मान्य झाले नाही.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत तर सरकारने दुसरीच युक्ती केली. ती म्हणजे पाहावयाचेच नाही. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धातील शौर्यासाठी मेडल ऑफ ऑनर चारशेहून अधिक जणांना मिळाले. त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. पुढे लष्करानेच शॉ विद्यापीठाकडून याचा अभ्यास करविला आणि जानेवारी १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना ते पदक दिले. सातांपैकी जिवंत होता एक, व्हर्नन बेकर, वय सत्त्याहत्तर. पहिल्या महायुद्धातील हेन्री जॉन्सन या शिपायाला फ्रान्सने १९१८ मध्येच आपले ‘क्रॉ द गेर’ दिले होते. त्याच्या स्वतःच्या देशाचे मेडल ऑफ ऑनर त्याला मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. तो स्वतः १९२९ मध्येच दारिद्र्यात मेला होता. ज्यांचे आईबाप अमेरिकेतीलच छावण्यांत काटेरी तारांमागे डांबलेले होते, त्या जपानी वंशाच्या सैनिकांचीही कथा याहून फार वेगळी नाही. त्यांतील वीस जणांच्या पदकांची दुरुस्ती २००० साली झाली.

पदकांनी पोट भरत नाही हेही या देशाच्या सैनिकांनी लवकरच ओळखले होते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना बोनस देण्याचा कायदा १९२४ मध्ये झाला, परंतु रोख रक्कम हाती पडणार १९४५ मध्ये! मंदीत नोकऱ्या गेल्या, घरे गेली, तेव्हा १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला आले आणि अ‍ॅनाकॉस्टिया नदीकाठी झोपड्या घालून राहिले. लष्करात ज्यांना वेगवेगळ्या पलटणींत ठेवले जाई ते काळे आणि गोरे तेथे शेजारी शेजारी राहात होते. प्रतिनिधिगृहाने त्यांची मागणी मान्य केली, सिनेटने दोनच दिवसांनी फेटाळली. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मेले आणि त्याच दुपारी जनरल मॅकार्थर यांनी घोडदळ, संगिनी, अश्रुधूर आणि रणगाडे घेऊन त्यांना राजधानीतून हाकलले. झोपड्या जळाल्या. घोडदळाबरोबर मेजर जॉर्ज पॅटन होते. निदर्शकांत जो अँजेलो नावाचा एक बेकार माणूस होता. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी पॅटनना ओढून खड्ड्यात नेऊन त्यांचा प्राण ज्याने वाचविला आणि त्याबद्दल ज्याला पदक मिळाले, तोच हा अँजेलो. दुसऱ्या दिवशी तो पॅटनना भेटावयास गेला. पॅटननी त्याला भेट नाकारली.

त्याच जुलैमध्ये या छावणीत जाऊन सैनिकांना धीर देणारा एक निवृत्त सेनाधिकारी होता, मेजर जनरल स्मेडली बटलर. त्याच्याकडे दोन मेडल ऑफ ऑनर होती. पहिले १९१४ मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रुझवर केलेल्या चढाईबद्दल. त्या एका चढाईसाठी पन्नासहून अधिक पदके वाटली गेली होती. या पदकाला शोभेल असे आपण काही केलेले नाही, असे सांगून बटलरने ते परत पाठविले. खात्याने ते पुन्हा त्याच्याकडे धाडले आणि वापरण्याचा हुकूम दिला! दुसरे पदक १९१५ मध्ये हैतीत मिळाले. तेहतीस वर्षांहून अधिक नोकरी करून निवृत्त झाल्यावर या माणसाने १९३५ मध्ये लिहून ठेवले की, ही सारी वर्षे आपण बड्या धंदेवाल्यांचे आणि बँकवाल्यांचे दांडगे म्हणून काढली. मेक्सिकोत तेल कंपन्यांसाठी, हैती व क्यूबात एका बँकेच्या वसुलीसाठी. ही कबुली शत्रूपक्षाच्या पत्रकात छापलेली नव्हती. अमेरिकेच्या सर्वाधिक सन्मानित सैनिकांपैकी एकाने ती दिली होती. एप्रिल १९७१ मध्ये शेकडो व्हिएतनाम सैनिकांनी संसदभवनासमोरच्या कुंपणापलीकडे आपली पदके भिरकावली, तेव्हा ते बटलरचाच धागा पुढे नेत होते. परत केलेले पदक सरकार साभार परत पाठवू शकते. कुंपणापलीकडे फेकलेल्याचे काय करणार?

आजच्या अमेरिकी राज्यकर्त्यांना सैनिकांच्या शौर्याची फार काळजी आहे असे ते नित्य सांगतात. १४ जून २०२५ रोजी सैन्याच्या अडीचशेव्या वर्धापनदिनी राजधानीत रणगाड्यांचे संचलनही झाले. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये, व्हिएतनाममधील पराक्रमासाठी मेडल ऑफ ऑनर मिळविणारे कृष्णवर्णीय सेनाधिकारी चार्ल्स रॉजर्स यांची माहिती संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून नाहीशी झाली. बोभाटा झाल्यावर ती परत आली. त्याहून चमत्कारिक प्रकार लष्करी तळांच्या नावांचा आहे. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी सेनापतींची नावे नऊ तळांना होती. कायदा करून ती २०२३ मध्ये बदलण्यात आली. २०२५ मध्ये ती सगळी परत आणली. कायदा दक्षिणी सेनापतींच्या नावांना मनाई करतो, मग वाट कशी काढली? तेच आडनाव असलेला दुसरा एखादा शूर सैनिक शोधून काढावयाचा! ब्रॅग नावाचा दक्षिणी सेनापती नको तर दुसऱ्या महायुद्धातील ब्रॅग नावाचा शिपाई.

व्हर्जिनियातील फोर्ट लीचे उदाहरण सर्वांवर ताण करते. २०२३ मध्ये हा तळ आर्थर ग्रेग आणि चॅरिटी अ‍ॅडम्स या दोन कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ग्रेग तेव्हा हयात होते, समारंभाला हजर होते. दोन वर्षांनी ती नावे उतरली आणि ‘ली’ परत आले. हा ली म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली नव्हे, असे सरकारने स्पष्ट केले. हा फिट्झ ली, १८९८ मध्ये क्यूबात जखमी सैनिकांना सोडवून आणल्याबद्दल मेडल ऑफ ऑनर मिळविणारा कृष्णवर्णीय शिपाई. फिट्झ ली खरोखर शूर होता. लढाईनंतर त्याची दृष्टी गेली आणि वर्षभरातच तो मेला. सव्वाशे वर्षे त्याची आठवण कोणाला झाली नाही. झाली ती दोन कृष्णवर्णीयांची नावे खाली उतरवून गुलामांच्या मालकाचे आडनाव पुन्हा फाटकावर चढविताना.

वुन्डेड नीच्या पदकांचा प्रश्न हेगसेथ यांनी अंतिम म्हटला म्हणून अंतिम होत नाही. ही पदके रद्द करण्याचे विधेयक २०१९ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये वारंवार मांडले गेले आहे. १९९० मध्ये, कत्तलीच्या शताब्दीच्या वेळी, याच काँग्रेसने तीव्र खेदाचा ठराव केला होता. क्षमा मात्र मागितली नाही. खेदही कायम आणि पदकेही कायम, असा हा पस्तीस वर्षांचा ताळेबंद आहे. लाकोटा लोक या ठरावांची वाट पाहात बसलेले नाहीत. १९८६ पासून त्यांच्यातील स्वार डिसेंबरच्या थंडीत बिग फूटच्या जथ्याच्या वाटेने घोड्यांवरून वुन्डेड नीला येऊ लागले, आणि पुढच्या पिढ्यांनी ती प्रथा चालू ठेवली. जेथे माणसे मारली गेली ती जमीन कित्येक वर्षे खाजगी मालकीची होती. २०२२ मध्ये ओग्लाला आणि शायेन रिव्हर या दोन जमातींनी मिळून त्यांतील चाळीस एकर विकत घेण्याचे ठरविले. किंमत पाच लाख डॉलर. ती दोन्ही जमातींनी आपसांत वाटून घेतली.